तुरीची उरलेली बाही

एप्रिल लागला की लातूरमध्ये माणसं कमी आणि टेस्ट सिरीज जास्त होतात. गल्लोगल्ली झेरॉक्सची मशीनं तापलेली, अभ्यासिकांच्या दारात चपलांचे ढीग, मेसच्या डब्यात सलग चौथ्या दिवशी बटाटा, आणि खांबाखांबावर आमचे फोटो. आमचे म्हणजे शिकवणाऱ्यांचे. आमच्या क्लासच्या फ्लेक्सवर मी हाताची घडी घालून उभी आहे, डोक्यामागे डीएनएचा पिळा, आणि खाली लाल अक्षरांत ‘सुवर्णपदक विजेत्या मॅडम’. रोज सकाळी त्या फ्लेक्ससमोरून जाताना मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, मॅडम फार साध्या आहेत.

या एप्रिलमध्ये एका दुपारी, रिव्हिजनची बॅच सुरू व्हायला दहा मिनिटं असताना, फोन वाजला. नंबर अनोळखी. या दिवसांत अनोळखी नंबर म्हणजे कुणाचे तरी वडील, आणि त्यांचा प्रश्न एकच, ‘आमच्या पोराचं होईल का?’ मी आधीच वैतागून फोन उचलला.

“मॅडम, मी दीक्षा बोलून राहिले. किनवटची हाय मी. नांदेडला तुमच्याच डिपार्टमेंटला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला हाय.”

“बोल लवकर.”

“तुमचा प्रबंध बघितला कपाटातला. तुरीवरचा. मॅडम, आत लिहिलंय का दुसरं रिपीट गेलं आन् पैलं राहिलं. पन एकदम शेवटच्या पानावर तुम्ही जी रंगीत पट्टी चिकटवलीय, तिच्यात तर उलटं दिसून राहिलंय. पैलं गेलं, दुसरं राहिलं. खरं कोणतं हाय?”

बारा वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. परीक्षकांनी नाही, सरांनी नाही, फ्लेक्स छापणाऱ्याने तर नाहीच. 

दीक्षा पुढे सांगत होती. तिचा प्रबंध मोहाच्या झाडावर. मोहात तिला जे दिसलं ते माझ्या शेवटच्या पानासारखं होतं. पण कपाटात याच विषयावरचे सहा प्रबंध, आणि सहाही म्हणतात दुसरं गेलं. तिचे मार्गदर्शक म्हणाले, सहा जण चूक आणि तू एकटी बरोबर का? उद्या अकरा वाजता पानं शिवायला जाणार. परवा तोंडी परीक्षा. त्याच प्रबंधावर तिला पुढच्या आठवड्यात पीएचडीच्या मुलाखतीला उभं राहायचं होतं, किनवटच्या आश्रमशाळेतून इथवर आलेल्या मुलीला.

“बाइंडिंगच्या तोंडावर खुसपट काढू नये,” मी म्हटलं. “माझा क्लास आहे. उद्या सांगते.”

आणि फोन ठेवला. ते वाक्य तोंडातून गेलं मात्र, मला कसंतरीच झालं. ते वाक्य माझं नव्हतंच. कुणाचं होतं ते सांगते, पण आधी क्लास.

योगायोग असा की त्या दिवशीचा धडा तोच होता. जनुकं कशी वाचली जातात. मी फळ्यावर लिहायला लागले. प्रत्येक पेशीत जनुकं असतात, त्यांत सगळ्या कृती लिहून ठेवलेल्या असतात. त्या वाचायला एक यंत्र असतं. पण त्या यंत्राला सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. त्याला हाताला धरून नेमक्या जागी आणून बसवणारी काही प्रथिनं असतात, त्यांतलं एक टीएफ-टू-बी. मी सांगत होते की हे प्रथिन यीस्टमध्ये आहे, माणसात आहे, तुरीत आहे, उकळत्या झऱ्यात राहणाऱ्या जंतूंतसुद्धा त्याचा एक भाऊबंद आहे. मोठी जुनी भावकी. आणि भावकीची खूण एकच, अंगात एकामागे एक असे दोन सारखे तुकडे, त्यांनाच रिपीट म्हणतात, प्रत्येक तुकड्यात पाच पिळदार कांड्या.

मागच्या बाकावरून हात वर आला. “मॅडम, हे येतंय का ओ पेपरला?”

“नाही येत.”

“मग कशाला सांगायलाव?”

सगळा वर्ग हसला. त्यात वर्षभर घासून दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी रिपीटरची पोरं जास्त हसली. रिपीटर आणि रिपीट यावरून काही विनोद सुचत असेल तर कृपा करून मला ऐकवू नका, मी तो दर वर्षी जूनमध्ये ऐकते. मी फळा पुसला आणि जे पेपरला येतं ते शिकवायला लागले. पालथ्या घड्यावर पाणी घालायचं तर निदान अभ्यासक्रमातलं घालावं.

पण डोकं काही जागेवर येईना. ते बारा वर्षांपूर्वीच्या, नांदेडच्या त्या एप्रिलमध्ये जाऊन बसलं होतं.

नांदेडचा एप्रिल ज्यांनी भोगला आहे त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी भोगला नाही त्यांना ते खरं वाटणार नाही. आमच्या कॉलेजात कंप्युटरची एकच खोली होती, तिच्यात एकच एसी, आणि तो माणसांसाठी नव्हता. तो सर्व्हरसाठी होता. आम्ही बारा मुलं त्या सर्व्हरच्या कृपेने गारव्याला बसायचो. वीज गेली की सगळे एका सुरात ‘ए’ म्हणून ओरडायचे, कारण सेव्ह कुणीच केलेलं नसायचं. पेनड्राइव्ह लावला की त्यातून आधी व्हायरस उतरायचा आणि मग जमलं तर फाइल. बाहेर पाण्याच्या रांजणाला स्टीलचा एकच गडू साखळीने बांधलेला. त्या साखळीचा आवाज आला की समजायचं, कुणीतरी हार मानून उठलं.

त्या खोलीत मी दोन महिने अक्षरं बघत बसले होते. माझं काम ऐकायला भारी वाटतं, पण होतं असं. प्रथिन म्हणजे अक्षरांची एक लांब माळ. यीस्टची माळ, माणसाची माळ, भाताची, तुरीची, अशा एकाखाली एक मांडायच्या आणि उभ्या रांगांत कुठली अक्षरं सगळ्यांत तीच राहिली आहेत ते शोधायचं. कोट्यवधी वर्षांत बाकी सगळं बदललं, पण या दोन तुकड्यांतली काही अक्षरं जिथल्या तिथे आहेत. ती बदलली की काम बिघडतं, आणि काम बिघडलं की तो जीव पुढे जात नाही. म्हणून ती जपली गेली. मला हे इतकं आवडायचं की मी प्रिंट काढून स्केचपेनने एकेक अक्षर रंगवायचे. मुलं म्हणायची, ही बघा बालवाडी.

आता घोळ असा होता की तुरीच्या माळांमध्ये मला या भावकीतलं एक खुजं प्रथिन सापडलं. सुरुवात भावकीसारखीच, पण पुढे दोनऐवजी एकच तुकडा. एक रिपीट गायब. कंप्युटरने ते बाकीच्यांखाली मांडलं तेव्हा उरलेला तुकडा पहिल्याच्या खाली बसवला आणि दुसऱ्याची जागा रिकामी सोडली. म्हणजे निष्कर्ष सरळ होता, पहिला आहे, दुसरा गेला. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. सर तसे वाईट नव्हते. निवृत्तीला आलेले, मधुमेहाने बेजार, दिवसभर एका फाइलीने वारा घेत बसायचे. ते म्हणाले, “नवीन काहीतरी आहे. शीर्षकातच टाक.” ते शीर्षकात गेलं, कव्हर छापायला गेलं, आणि मी चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी चार दिवस हदगावला गेले.

जयंतीच्या आधीचे ते दिवस आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. वडील एसटीत कंडक्टर, ते सकाळीच ड्यूटीला जायचे. आई ब्लाउज शिवायची. एरवी रंगीबेरंगी, पण जयंतीच्या आधी सगळे पांढरे. आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायकांना पांढऱ्या साडीवर पांढराच ब्लाउज पाहिजे आणि सगळ्यांना तो तेरा तारखेच्या संध्याकाळपर्यंतच पाहिजे. एकाच ठाणातलं कापड. पाठी पांढऱ्या, पुढचे भाग पांढरे, बाह्यांचा नुसता ढीग. मशीनच्या टकटकीत मी ओसरीवर बसून प्रिंटच्या पट्ट्या कात्रीने कापत होते, कारण कंप्युटरच्या मांडणीत रंग नीट जुळत नव्हते. शेजारच्या रांगांत जे ठळक जुळायचं ते तुरीच्या त्या तुकड्यात ढिसाळ जुळत होतं. काहीतरी खुपत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

“चिंध्या कशाच्या करून राहिलीस गं?” आईने मशीन थांबवून विचारलं.

“चिंध्या नाहीत. प्रथिनं आहेत.”

“मला सांग की मंग. मला कळत न्हाई व्हय?”

मी वैतागूनच सांगितलं. वैताग ही आमच्या घरातली प्रेमाची भाषा आहे. म्हटलं, “समज हा ब्लाउज आहे. याला दोन बाह्या. सगळ्यांना दोन आहेत, या तुरीच्याला एकच आहे. कंप्युटर म्हणतो, जी आहे ती डावी.”

“कशावरून म्हन्तो?”

“सुरुवातीकडून येताना डावीची जागा आधी लागते. तिथे लावली की मधे फट पडत नाही. त्याला फटी आवडत नाहीत.”

आई खळखळून हसली. इतकी हसली की तोंडातली टाचणी काढून हातात घ्यावी लागली. “म्हंजे जे भोक आधी हाताला लागलं त्यात कोंबली बाही! अगं, जागा काय बघतीस, बाही बघ की.” तिने ढिगातली एक बाही उचलली. पांढरी, चारचौघींसारखी. “ही बघ. पुढची बाजू खोल कापलेली असती, मागची कमी. आन् पुढं मी कात्रीनं बारीक खूण मारती. दोन्ही बाह्या दिसायला सारख्या, पन उजवी डावीकडं लावली का काखेत वढती. बाई दिवसभर हात खाली करत न्हाई. एक बाही उरली तर ती कोन्या हाताची हाय, हे बाहीच सांगती. खूण बघ तिची.”

मी पट्ट्यांकडे बघत राहिले. मग तुरीची पट्टी उचलली आणि बाकी सगळ्यांच्या पहिल्या तुकड्याखालून काढून दुसऱ्या तुकड्याखाली सरकवली. निळ्याखाली निळं आलं. हिरव्याखाली हिरवं. तिसऱ्या कांडीतली ती अक्षरं, जी फक्त दुसऱ्या तुकड्यातच असतात आणि पहिल्यात कधीच नसतात, ती एकाखाली एक उभी राहिली. उरलेला तुकडा दुसरा होता. गेला होता तो पहिला.

मला आयुष्यात त्यापेक्षा मोठा आनंद झालेला नाही. पदक घेताना झाला नाही, पहिल्या पगाराला झाला नाही. मी ओरडले, आई म्हणाली, “वरडू नको, सुई हातात घुसंल,” आणि परत मशीन चालू केलं. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. तेरा तारीख जवळ आली होती.

पंधराला मी पहिल्या एसटीने नांदेडला पोचले आणि पट्ट्या घेऊन सरांसमोर उभी राहिले. सरांनी पाहिलं. त्यांना कळलं, हे मी शपथेवर सांगते. त्यांची फाइल हलायची थांबली. मग परत हलायला लागली आणि ते म्हणाले, “बाइंडिंगच्या तोंडावर खुसपट काढू नये.”

हे ते वाक्य. बारा वर्षं मनातल्या मनात मी ज्या वाक्याला शिव्या घातल्या, तेच मी दीक्षाला जसंच्या तसं दिलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

तरी मी त्या दिवशी बाइंडिंगच्या दुकानात गेले. दुकानदार चाचा डोळ्यांना जाड चष्मा लावून काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं दाबत होते. माझी चारही कव्हरं वाळत ठेवलेली. शीर्षकात ठसठशीत ‘दुसऱ्या रिपीटचा लोप’, तेही इंग्रजीत. “चाचा, एक शब्द बदलता येईल का?” चाचांनी कव्हर उन्हाला धरून बघितलं. “अक्षरां बैठ गये बेटा. अब खुरचे तो रेक्झिन फटता. नवा करना तो चार दिन.” चार दिवस नव्हते, जमा करायची तारीख दुसऱ्या दिवशी होती. सर नाराज झाले तर गुण त्यांच्याच हातात. आणि आईने वस्तीत सांगून ठेवलं होतं की पोरगी पहिली येणार.

मग मी एक भित्रं काम केलं. आत एक अक्षर बदललं नाही. फक्त चारही प्रतींच्या शेवटच्या पानावर ती रंगीत पट्टी खऱ्या मांडणीने चिकटवली. खाली एक ओळही लिहिली नाही. मनाशी म्हटलं, ज्याला बघायचं तो बघेल. हे म्हणजे घराला आग लागल्यावर कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू ओरडायचं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध मधूनच उघडला, चहा घेतला, गाव विचारलं, आडनाव विचारलं, आडनाव ऐकून ‘बरं बरं’ म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. शेवटच्या पानापर्यंत कुणी गेलं नाही.

पदक मिळालं. पुढच्या जयंतीला विहारात सत्कार झाला. आई पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, मांडीवर पदकाची डबी धरून. आजूबाजूच्या बायका ती डबी उघडून बघायच्या आणि आई प्रत्येकीला हात पुसून मगच हात लावायला सांगायची. तिथे उठून ‘हे चुकीच्या बाहीवर मिळालं आहे’ असं म्हणायची माझी छाती झाली नाही. आजही तिथे बसले असते तर झाली असती असं वाटत नाही.

इथवरचं मी स्वतःला कसंबसं माफ केलं असतं. पुढचं नाही. पुढच्या वर्षीच्या एका पोराने फोन करून प्रबंधाची सॉफ्ट कॉपी मागितली. आमच्याकडची जुनी रीत. कुणीही पहिल्या पानापासून लिहीत नाही. आधीच्यांची फाइल घ्यायची, आणि ती मागताना एक ठरलेलं वाक्य म्हणायचं, “फक्त फॉरमॅट बघायला.” मीही माझ्या आधीच्यांकडून फॉरमॅट बघायलाच घेतली होती. मी दिली. त्याने तूर काढून हरभरा घातला. त्याच्या पुढच्याने हरभरा काढून सोयाबीन. मग कापूस, ज्वारी, करडई. आमच्या भागातलं एकही पीक सोडलं नाही. सगळ्यांचं दुसरं रिपीट गेलेलं. ज्वारीला असं खुजं प्रथिन आहे का हे कुणी बघितलं का, देव जाणे. सहा प्रबंध म्हणजे माझा एक आणि त्याची पाच पोरं.

निसर्ग एखादं अक्षर जपतो, कारण ते बदललं तर जीव जातो. आम्ही जपतो, कारण परत टाइप करायचा कंटाळा. आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. किनवटच्या त्या मुलीसमोर सहा साक्षीदार उभे केले होते आणि साक्ष एकाचीच होती, तीही खोटी.

क्लास सुटल्यावर दीक्षाचा मेसेज आलेला दिसला. ‘मॅडम, एक गंमत. सहाही जणांनी आभारात लिहिलंय की आईने शिलाई मशीन चालवून शिकवलं. ज्याने करडईवर केलंय तो मुदखेडचा हाय, त्याच्या घरी तर लई जमीन हाय.’

मी तिथेच पायरीवर बसून हसले, आणि मग मला इतका राग आला की हसू बंद झालं. आभाराचं पानसुद्धा सोडलं नाही मेल्यांनी. माझी आई सहा घरांत मशीन चालवत बसली होती. आणि ज्या गोष्टीसाठी तिचं नाव यायला हवं होतं त्या गोष्टीसाठी ते एकाही पानावर नव्हतं. माझ्याही नाही. मी मार्गदर्शकांचे आभार मानले, विभागप्रमुखांचे मानले, सर्व्हरच्या खोलीची किल्ली ठेवणाऱ्या शिपाईमामांचे मानले. आईला लिहिलं, ‘हिच्या कष्टांमुळे’. कष्ट तर होतेच. पण त्या दिवशी ओसरीवर तिने मला कष्ट दिले नव्हते, अक्कल दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोन लावला. तिचे डोळे आता गेल्यासारखेच आहेत, सुईत दोरा शेजारची पोरगी ओवून देते, पण मशीन तिने काही विकलं नाही.

“आई, ती तुरीची बाही आठवते का तुला?”

“कोन्ती? हजार बाह्या लावल्या म्या.”

मी आठवण करून दिली. सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. प्रबंधात चुकीची बाही लागली होती हे, पदक त्यावर मिळालं हे, सरांचं वाक्य, चाचांची अक्षरं.  मला वाटलं, आता रडणार.

“मंग उसवली का न्हाईस?” ती म्हणाली.

“अक्षरं बसली होती गं. कव्हर झालं होतं.”

“कव्हराला काय करायचं? बाही उसवायला येळ किती लागतो? म्या चुकले तर लगेच उसवती. गिऱ्हाइकाच्या अंगावर गेल्यावर मंग लाज वाटती, हात खाली घेता येत न्हाई त्या बाईला.” मग म्हणाली, “आता कुनाच्या अंगावर हाय तो ब्लाउज?”

“किनवटची एक मुलगी आहे.”

“मंग मला काय फोन करून राहिलीस? तिला कर!”

आणि फोन तिनेच ठेवला. माझ्या घरात सगळ्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतं आणि सगळे माझ्यावर ओरडतात.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. समोर क्लासची फाटकं उघडली होती, पोरं सायकली लावून आत घुसत होती. वर फ्लेक्सवर मी हाताची घडी घालून उभी. मी खाली उभी राहून नंबर लावला. मागे मशीनचा खडखडाट ऐकू आला. दीक्षा बाइंडिंगच्या दुकानातच होती.

“दीक्षा, मागचं पान खरं आहे. पहिलं गेलं, दुसरं राहिलं. पुढचं सगळं चूक. आणि ते सहा जण नाहीत, एकच आहे. सगळ्यांनी माझी फाइल उचलली. तुझ्या सरांना सांग, माझं नाव घेऊन सांग. पाहिजे तर मी फोन करते त्यांना. आणि काल मी जे म्हणाले ते विसर. शीर्षक बदलायचं तर आत्ता बदल, चाचांना थांबव.”

“थांबवू कशाला मॅडम? कव्हर तर कालच छापलं.”

“काय छापलं?”

“पैलं रिपीट गेलं असंच छापलं. मोहात तेच दिसून राहिलं तर दुसरं कसं छापू? सर रागवले, पन म्हनले तुझी तू बघ.”

मी कपाळावर हात मारून घेतला. रात्रभर मी जे ओझं उचलू की नको करत बसले होते, ते तिने कालच उचलून ठेवून दिलं होतं. “अगं मग मला कशाला विचारलंस? माझा जीव खाल्लास कालपासून!”

“तसं न्हाई मॅडम.” ती जरा अडखळली. “संदर्भांचं पान तेवढं राहिलंय. तिथं तुमचा प्रबंध टाकायचाच हाय. तर तुमचं नाव चूक म्हणून टाकू का बरोबर म्हणून टाकू, ते तुम्हालाच विचारावं म्हटलं.”

मागे चाचांचा किंवा त्यांच्या मुलाचा आवाज आला, “जल्दी बोलो बेटा, पानां शिवने के हैं.”

“दोन्ही टाक,” मी म्हटलं. “आतलं चूक, ते माझ्या नावावर टाक. पूर्ण नाव लिही, पान नंबर लिही. आणि शेवटचं पान बरोबर, पण ते माझं नाही. ते माझ्या आईचं आहे. लिही, पंचफुलाबाई, हदगाव.”

“हाव मॅडम.” ती एकेक अक्षर म्हणत लिहायला लागली. “त्यांचं शिक्षण काय लिहू?”

“संदर्भात कुणाचं शिक्षण लिहितात का गं?” मी ओरडलेच. फाटकातली दोन पोरं दचकून थांबली. “नाव लिही फक्त. आणि नीट लिही. बारा वर्षं राहिलंय ते.”